गणित माफ !

(दृष्टिहीन मुलांच्या अंकशिक्षणाविषयीं)

दिवेलागणीची वेळ होती. आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं आम्ही सहज म्हणून गेलों होतों. देवापुढें समई लागली होती आणि आजीबाई नातवंडांकडून परवचा म्हणवून घेत होत्या. हल्लीं असा देखावा दुर्मिळ झाला आहे, म्हणून आम्ही बाजूस बसून ऐकत राहिलों. पाढे झाले, पावकी झाली, निमकी झाली. सर्वांत खणखणीत आवाज होता तो नऊ वर्षांच्या नातीचा. ही मुलगी जन्मांध आहे. तिचा दादा अठ्ठाविसाच्या पाढ्यांत मध्येंच अडला, तेव्हां तिनेंच तो पुढें नेला.

परवचा संपली. दादानें वही उघडली आणि तो शाळेचीं गणितें करूं लागला. मुलगी क्षणभर त्याच्याजवळ घुटमळली व मग गॅलरींत जाऊन बसली. आम्हीं विचारलें, "हिचें गणित कोठवर आलें?" तेव्हां तिचे वडील म्हणाले, "तिला गणित माफ आहे." शाळेनें आपण होऊनच सांगितलें होतें कीं, गणिताच्या तासाला हिनें वर्गांत नुसतें बसलें तरी चालेल, पुढें परीक्षेलाही दुसरा एकादा विषय घेतां येईल. आजीबाईंनीं सुस्कारा टाकला, "सुटली बिचारी!"

तोंच गॅलरींतून प्रश्न आला, "आजी, मी काय केलें होतें म्हणून मला माफ?"

त्या प्रश्नाला त्या वेळीं कोणीच उत्तर दिलें नाहीं. आम्हांसही तें सुचलें नाहीं. परंतु घरीं परत येतांना तो शब्द मनांत सारखा घोळत राहिला. दंड माफ होतो, फी माफ होते, अपराध माफ होतो. ज्या मुलीला अठ्ठाविसाचा पाढा येतो, तिला गणित माफ करणें म्हणजे नेमकें काय करणें? तिच्यावर दया करणें, कीं तिच्या हक्काचें कांहीं काढून घेणें? या प्रश्नाचा पाठपुरावा करतां करतां जें आम्हांस कळून आलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

अडचण नेमकी कोठें आहे?

गणित डोळ्यांनीं करावयाचें असतें, अशी आपली एक समजूत असते. वास्तविक पांच ही संख्या कोणीच कधीं पाहिलेली नाहीं. आपण पाहतों ते पांच आंबे, किंवा पाटीवरचें एक चिन्ह. तोंडी हिशेबांत तर डोळ्यांचें कामच नसतें. मग दृष्टिहीन मूल अडतें तें कोठें?

३४७ ला २६ नें गुणावयाचें आहे असें समजा. आपण आधीं सहानें गुणून २०८२ लिहितों, त्याखालीं विसानें गुणून ६९४० मांडतों, आणि दोहोंची बेरीज करून ९०२२ हें उत्तर काढतों. हे मधले आंकडे आपण लक्षांत ठेवीत नाहीं. आपल्याकरितां ते कागद लक्षांत ठेवतो. डोळस मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशींच ही दुसरी स्मरणशक्ति, म्हणजे पाटी, आपण हातांत देतों. दृष्टिहीन मुलाला ती देत नाहीं, आणि मग म्हणतों कीं, याला गणित झेपत नाहीं!

येथें कोणी विचारील, ब्रेल लिपि नाहीं का? आहे, आणि तिचे उपकार सांगावे तेवढे थोडेच आहेत. लुई ब्रेल (१८०९–१८५२) या फ्रेंच गृहस्थाचे डोळे वयाच्या तिसऱ्या वर्षीं बापाच्या खोगिरांच्या कारखान्यांत आरी लागून गेले. त्यानें १८२९ सालीं सहा ठिपक्यांची आपली लिपि प्रसिद्ध केली. तींत पहिल्या दहा अक्षरांमागें एक अंकचिन्ह घातलें कीं तींच अक्षरें आंकडे होतात. परंतु ही लिपि हातानें लिहितांना कागद धातूच्या पट्टींत धरून टोचणीनें मागच्या बाजूनें ठिपके उठवावे लागतात. लिहावयाचें उजवीकडून डावीकडे, आणि वाचावयाचें कागद काढून, उलटा करून. म्हणजे लिहितांना वाचतां येत नाहीं आणि वाचतांना लिहितां येत नाहीं. पत्र लिहिण्यास यानें बाध येत नाहीं. पण हातचा घेत घेत पुढें जावयाचें असेल, तर प्रत्येक आंकड्यागणिक कागद काढून पुन्हां बसवावा लागेल. १९५१ सालापासून पर्किन्स ब्रेलर नांवाचें यंत्र निघालें. त्यावर ठिपके वरच्या बाजूस उमटतात, त्यामुळें लिहिलेलें तेथल्या तेथें वाचतां येतें. पण यंत्र चालतें डावीकडून उजवीकडे, आणि बेरीज चालते उजवीकडून डावीकडे! शिवाय तें जड आहे आणि महागही आहे.

तात्पर्य, ब्रेल ही दृष्टिहीनांची वही आहे, पाटी नव्हे. जेथें आंकडा बोटाखालीं ठेवतां येईल, विचार चालूं असतांनाच हलवितां येईल, आणि ठेवला तेथें सांपडेल, अशी पाटी त्यांना पाहिजे असते. ती कशी तयार झाली, ही कथा मोठी मनोरंजक आहे.

केंब्रिजचा अंध प्राध्यापक

इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत १६८२ सालीं निकोलस साँडर्सन याचा जन्म झाला. वर्षभराचा असतांनाच देवी येऊन त्याचे दोन्ही डोळे गेले. अशा मुलाला गणित माफ करावें असें त्याच्या घरच्यांस वाटलें असतें, तर त्यांना कोणी नांवें ठेवलीं नसतीं. पण हा मुलगा १७११ सालीं केंब्रिज विद्यापीठांत गणिताच्या त्याच आसनावर बसला, ज्यावर पूर्वीं न्यूटन बसला होता! ज्यानें प्रकाश कधीं पाहिला असल्याचें त्याला आठवत नव्हतें, तो न्यूटनच्या प्रकाशशास्त्रावर व्याख्यानें देत असे.

त्याचें साधन अगदीं साधें होतें. एका फळीवर लहान लहान चौकोन, आणि प्रत्येक चौकोनांत तीन ओळींत नऊ भोकें. टांचण्या दोन प्रकारच्या, मोठ्या डोक्याच्या व लहान डोक्याच्या. मधल्या भोकांत मोठी टांचणी खोंचली कीं शून्य. लहान खोंचली कीं एक. मध्यें मोठी ठेवून सभोंवारच्या आठ भोकांपैकीं एकांत लहान टांचणी खोंचली, कीं तिच्या जागेवरून दोनपासून नऊपर्यंतचे आंकडे होत. टांचण्यांभोंवतीं दोरा ताणून तो भूमितीच्या आकृतीही काढी. १७३९ सालीं तो वारला. पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बीजगणितावरील ग्रंथांत या फळीची माहिती दिलेली आहे. वाचकांनीं एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, ब्रेलच्या जन्मापूर्वीं सत्तर वर्षें ही पाटी एका माणसानें स्वतःपुरती तयार केली होती.

टेलरची पाटी

स्वतःपुरत्या युक्तीला शाळेचें रूप दिलें तें यॉर्क येथील अंधशाळेचे प्रमुख रेव्हरंड विल्यम टेलर यांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. त्यांच्या नांवानें ओळखली जाणारी पाटी आपल्याकडील अंधशाळांतून पिढ्यान् पिढ्या वापरांत आहे. पाटीला ओळीनें अष्टकोनी भोकें असतात. त्यांत बसणारे धातूचे खिळे चौकोनी असून त्यांच्या एका टोंकास कडेला उंच धार असते, तर दुसऱ्या टोंकास दोन टोचे असतात. खिळा भोकांत आठ दिशांना फिरवून बसवितां येतो. एका टोंकानें आठ चिन्हें, दुसऱ्या टोंकानें आठ, अशीं एकाच खिळ्यानें सोळा चिन्हें होतात. त्यांत दहा आंकडे येतात, आणि बेरीज, वजाबाकी वगैरेंच्या खुणाही येतात. घड्याळाचा कांटा कोणीकडे आहे हें बोटानें चांचपावें, तसा हा प्रकार आहे.

या पाटीचा मोठा गुण असा कीं, गणित आपण कागदावर मांडतों तसेंच तीवर उभें आडवें मांडतां येतें. एकंखालीं एकं, दहंखालीं दहं. शिक्षक डोळस असला तरी त्याला मुलाची चूक कोठें झाली तें तत्काळ दिसतें. दोष असा कीं, काम सावकाश होतें. आणि पाटीला धक्का लागून खिळे सांडले, तर गणित आणि धीर दोन्ही बरोबरच सांडतात.

मण्यांची चौकट

हा दोष काढून टाकणारें साधन म्हणजे ॲबॅकस. आपल्याकडे डोळस मुलांचे ॲबॅकसचे वर्ग गल्लोगल्लीं झाले आहेत, त्यामुळें त्याचें नांव वाचकांस नवें नाहीं. अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत टिम क्रॅनमर नांवाच्या अंध गृहस्थानें १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जपानी चौकटींत एक लहानशी सुधारणा केली. नेहमींच्या चौकटींतले मणी गुळगुळीत तारेवरून सहज घसरतात. चांचपडणारें बोट लागलें कीं आंकडाच बदलतो. क्रॅनमरनें मण्यांच्या पाठीशीं मऊ अस्तर बसविलें. आतां मणी ढकलला तरच हलतो, नुसता स्पर्श केला तर जागचा हलत नाहीं. एवढ्याशा अस्तरानें एका खेळण्याची पाटी झाली.

या चौकटींत तेरा तारा असतात. मधल्या आडव्या पट्टीच्या वर प्रत्येक तारेवर एक मणी, त्याची किंमत पांच. खालीं चार मणी, प्रत्येकाची किंमत एक. पट्टीकडे आणलेला मणी मोजावयाचा. आतां २७ आणि ३८ यांची बेरीज करूं. दहंच्या तारेवर खालचे दोन मणी वर घ्या; एकंच्या तारेवर पांचाचा मणी आणि खालचे दोन. हे झाले सत्तावीस. अडतिसांतले तीस मिळवावयाचे, पण दहंच्या तारेवर खालीं तीन मणी उरलेले नाहींत. म्हणून पांचाचा मणी खालीं आणा आणि वर घेतलेले दोन परत खालीं सोडा. आतां आठ मिळवावयाचे. एकंवर जागा नाहीं, म्हणून दहंवर एक चढवा आणि एकंवरचे दोन उतरवा. दहंवर सहा, एकंवर पांच; बेरीज पासष्ट. ज्या मुलानें हें बोटांनीं एकदां केलें, त्याला हातचा म्हणजे काय हें पुन्हां समजावून सांगावें लागत नाहीं. कित्येक डोळस मुलें हातचा जन्मभर नुसता "घेतात". हें मूल तो हातांनीं उचलून ठेवतें.

मात्र येथेंही एक उणीव आहे, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. मधल्या पायऱ्या या चौकटीवर शिल्लक राहत नाहींत. उत्तर चुकलें, तर पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. म्हणून पायऱ्या समजावून घेण्यास टेलरची पाटी, झटपट हिशेबास मणी, आणि कायमची नोंद ठेवण्यास ब्रेल, अशी तिहींची वांटणी जाणते शिक्षक करतात.

मराठी घरांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपण "सत्तावीस" म्हणतों तेव्हां कानाला आधीं सात ऐकूं येतात, मग वीस. आणि चौकटीवर आधीं वीस ठेवावयाचे असतात. "एकोणतीस" मध्यें तर तीस ऐकूं येतात आणि ठेवावयाचे असतात दोन दहं! डोळस मुलाला अंक समोर लिहिलेला दिसतो, म्हणून त्याचा घोंटाळा लवकर मिटतो. ज्याला केवळ कानच आहेत, त्याला नांव आणि जागा यांचा मेळ जाणीवपूर्वक घालून द्यावा लागतो. २०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत जुन्या वाचनाबरोबर "वीस सात" असेंही वाचन सुचविलें. तेव्हां केवढा गहजब झाला होता, तो वाचकांस आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना त्या वेळीं बरेंच सोसावें लागलें. त्या वादाचा निकाल कोणी कांहींही लावो. दृष्टिहीन मुलास मणी ठेवावयास शिकवितांना पहिले कांहीं दिवस "वीस आणि सात" असें म्हणणें उपयोगी पडतें. म्हणून कोणी सत्तावीस हा शब्द विसरत नाहीं.

बीजगणित आणि भूमिति

अंकगणित झालें, पण पुढें काय? अपूर्णांकावर अपूर्णांक, घातांक, वर्गमूळ, हें सर्व ठिपक्यांत लिहावयाचें कसें? या कामीं अब्राहम नेमेथ (१९१८–२०१३) यांचें चरित्र बोधप्रद आहे. न्यूयॉर्कमध्यें जन्मलेले हे गृहस्थ जन्मांध होते. त्यांना गणिताची अतोनात आवड; परंतु हितचिंतकांनीं समजावलें कीं, तुला हें जमावयाचें नाहीं, मानसशास्त्र घे. त्यांनीं तें घेतलें, त्यांत पदव्या मिळविल्या, आणि मन न रमल्यामुळें पत्नीच्या प्रोत्साहनानें पुन्हां गणिताकडे वळले. शिकत असतांना स्वतःच्या सोयीसाठीं त्यांनीं जीं चिन्हें योजिलीं, त्यांचीच पुढें १९५२ सालीं नेमेथ लिपि झाली. तींत आंकडे ठिपक्यांच्या चौकटींत खालच्या अंगास उतरविले आहेत, त्यामुळें अक्षर आणि अंक यांचा घोंटाळा होत नाहीं. अपूर्णांक कोठें सुरू झाला आणि कोठें संपला, याच्याही खुणा आहेत. म्हणून कितीही गुंतागुंतीचें सूत्र एका ओळींत बोटानें वाचतां येतें. नेमेथ यांनीं १९५५ पासून तीस वर्षें डेट्रॉइट विद्यापीठांत डोळस विद्यार्थ्यांना गणित शिकविलें. ज्याला गणित माफ झालें होतें, त्यानें ती माफी परत केली, आणि ती करतां करतां हजारों मुलांकरितां वाट तयार केली.

भूमितीसाठीं जाड रबराची फळी व तीवर पसरावयाचा प्लॅस्टिकचा पातळ कागद मिळतो. त्यावर लेखणीनें रेघ ओढली कीं ती त्याच बाजूस उठून येते. उठावाच्या खुणा असलेल्या पट्ट्या व कोनमापकेंही मिळतात. अलीकडे संगणक पडद्यावरील मजकूर वाचून दाखवितो. एन्व्हीडीए नांवाची अशी एक योजना २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोन अंध तरुणांनीं सुरू केली, व ती विनामूल्य मिळते. हीं सर्व साधनें मोठ्या वर्गांत फार उपयोगाचीं आहेत. पण लहान वयांत बोलतें गणकयंत्र हातीं देऊन मोकळें होणें बरें नव्हे. तें उत्तर देतें, अंकाची ओळख करून देत नाहीं.

कायदा काय म्हणतो?

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. त्यांत एकवीस प्रकारच्या अपंगत्वाचा समावेश असून, डोळे धड असूनही ज्या मुलांना अंकांचें आकलनच अवघड जातें, त्यांचाही विचार त्यांत आहे. ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळावें, आणि पुस्तकें व योग्य साधनेंही विनामूल्य मिळावीं, असें तो सांगतो. परीक्षेंतील सवलतींचीं उदाहरणें म्हणून त्यांत जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेंतून सूट, यांचा उल्लेख आहे. आम्हीं तें कलम पुन्हां पुन्हां वाचलें. भाषेच्या सुटीचा उल्लेख आहे. गणिताच्या सुटीचा नाहीं. तिची प्रथा आपल्या परीक्षा-मंडळांनीं आणि शाळांनीं दयाबुद्धीनें पाडली आहे.

या दयेची किंमत दहावीनंतर कळते. आंध्रांतील एका शेतकरी कुटुंबांत जन्मलेल्या श्रीकांत बोल्ला या अंध मुलास दहावीनंतर विज्ञानशाखेंत प्रवेश नाकारला गेला. त्यानें न्यायालयांत दाद मागितली, प्रवेश मिळविला, उत्तम गुण मिळविले, अमेरिकेंतील एम्. आय्. टी. मध्यें शिकून आला, आणि २०१२ सालीं स्वतःचा कारखाना काढला. त्याच्यावर २०२४ सालीं चित्रपटही निघाला. पण सर्वच मुलांनीं न्यायालयाची पायरी चढावी, अशी अपेक्षा आपण करणार काय? ज्याचें गणित चौथींतच माफ झालें, तो तर दाद मागण्याच्या स्थितीपर्यंत पोंचतच नाहीं.

सवलत वाईट आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. सर्व उपाय करूनही ज्याला गणित नकोच असेल, त्यानें तें सोडावें. डोळस मुलेंही सोडतात. परंतु साधन हातीं देण्यापूर्वींच सूट देणें, म्हणजे ताट वाढण्यापूर्वींच "तुला भूक नाहीं" असें सांगणें होय.

घरीं काय करतां येईल?

शाळा करील तेव्हां करील. पहिलीं कांहीं वर्षें घराच्याच हातांत असतात. चिंचोके, सागरगोटे, कवड्या यांचे दहा दहांचे ढीग करावयास लावा. दहांची एक पुरचुंडी बांधली कीं दहं कळतो. डाळ-तांदूळ मोजण्याचीं मापें हातीं द्या. पाव, अर्धा, पाऊण हें पावकी-निमकीच्या आधीं हाताला कळूं द्या. पोळीचे चार तुकडे करून अपूर्णांक शिकवा. पाटावर चिंचोके चिकटवून ठिपक्यांची रांगोळी मांडा आणि "तिसऱ्या ओळींतला पांचवा ठिपका" शोधावयास सांगा. पुढें आलेख काढतांना हेंच उपयोगी पडतें. तारेच्या जाळीवर कागद ठेवून मेणाच्या खडूनें रेघ काढली, तर ती बोटाला लागते. आणि परवचा सोडूं नका. तोंडीं बसलेला पाढा हें दृष्टिहीन मुलाचें फार मोठें भांडवल आहे. पण भांडवल नुसतें तिजोरींत ठेवून चालत नाहीं. व्यापाराला पाटी पाहिजे. ब्रेलच्या, टेलरच्या व मण्यांच्या पाट्या डेहराडून येथील दृष्टिहीनांसाठींच्या राष्ट्रीय संस्थेंत तयार होतात. १९५२ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेकडेही याविषयीं चौकशी करतां येईल.

पुढच्या भेटींत आम्हीं त्या मुलीसाठीं मण्यांची चौकट नेली. तिच्या आईनें ती आधीं स्वतः शिकून घेतली, हें विशेष. वडिलांनीं शाळेच्या मुख्याध्यापिकांस भेटून, गणिताच्या तासाला हिलाही गणित द्यावें, असें लेखी कळविलें. सुरुवातीचे दिवस त्रासाचे गेले. मुलगी चिडली, रडली, एकदां तर चौकट खाटेखालीं टाकून दिली. तरी चार-पांच महिन्यांनीं आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां परवचा नुकतीच संपली होती. आजीबाई वाण्याची यादी मोठ्यानें वाचीत होत्या आणि नात मणी सरकवीत बेरीज करीत होती. दादा वहींत तीच बेरीज करीत होता. तो मागें राहिला. तेव्हां ती म्हणाली, "असूं दे दादा, आज तुला माफ."

आजीबाई हंसल्या, मग त्यांनीं पदरानें डोळे टिपले. ज्यांच्या घरीं असें मूल असेल, त्यांना आमची एकच विनंति आहे. कोणी प्रेमानें "हिला गणित माफ" असें म्हटलें, तर त्यांचे आभार मानावे, आणि विचारावें: आधीं हिची पाटी कोठें आहे?